उत्तर दालनातला बघ्या

१

रोज बारा वाजता, डबा उघडण्याआधी, मी उत्तर दालनात जात असे. काखेत मांजरपाटाचं धुवट कापड, कानामागे पेन्सिल. भिंतीतल्या दोन खिळ्यांना कापड अडकवायचं, समोर उभं राहून हात लांब करायचा आणि पाचही बोटं पसरायची. कापडावर बोटांची सावली पडली नाही की वहीत ‘नाही’ असं लिहायचं आणि पुढच्या खणाकडे सरकायचं. सात खण, सात ‘नाही’. लोकांना देवपूजेत जे मिळतं ते मला या सात शब्दांत मिळत होतं.

साल एकोणीसशे एकोणपन्नास. साताऱ्याबाहेर, कोरेगावच्या रस्त्याला राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाची इमारत उभी राहत होती. स्वराज्य येऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि ज्याला त्याला काहीतरी राष्ट्रीय बांधायचं होतं. आमच्या कमिटीच्या वाट्याला चित्रं आली. इमारतीचे नकाशे माझ्या वडिलांचे, तात्यांचे. तीस वर्षं त्यांनी कचेरीत बसून पूल, धर्मशाळा आणि कोर्टं काढली आणि त्यांवर सह्या साहेबांनी केल्या. त्यांचं स्वतःचं नाव ज्या दगडावर कोरलं जाणार होतं अशी ही पहिली इमारत. भिंती माथ्याला पोचल्या आणि पौषात तात्या गेले.

मी शरयू, त्यांची मुलगी. चौदाव्या वर्षापासून त्यांचे नकाशे गिरवत आलेली. त्यांचं बारीक अक्षर आणि त्याहून बारीक आकडे दुसऱ्या कुणाला लागत नसत, म्हणून कमिटीनं मला कामावर राहू दिलं.

उत्तर दालनाला एकही खिडकी नाही. छप्पर करवतीच्या दातांसारखं, दातांची एक बाजू काचेची, काचा सगळ्या उत्तरेला आणि काचांपुढे तिरक्या लाकडी पट्ट्या. उजेड कुठून येतो ते कळत नाही, नुसता असतो. तात्या म्हणायचे, “शरू, चित्राला ऊन नको आणि बघणाऱ्याची सावलीही नको. माणूस समोर उभा राहिला तरी चित्राला ते कळता कामा नये.”

कंत्राटदाराकडचा इंजिनियर हे ऐकून हसला होता. उंटावरचा शहाणा. त्यानं कमिटीकडून लिहून घेतलं, की अकरा मे रोजी भर दुपारी कमिटी दालनात उभी राहील. भिंतीवर एक जरी सावली दिसली तरी दक्षिणेच्या भिंतीत त्याच्या नकाशाप्रमाणे सहा खिडक्या पाडायच्या आणि दगडावर नाव त्याचं घालायचं. अकरा मे त्यानं मुद्दाम निवडला. त्या दिवशी आमच्याकडे सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि मग पावसाळ्यापर्यंत उत्तरेकडे कलतो, म्हणजे उत्तरेच्या काचांची खरी परीक्षा तिथून सुरू होते.

“त्या दिशी सावली पायाखाली घुसती, ताई,” आमचे मुख्य गवंडी नाथाजी मला म्हणाले होते. ते मूळचे शिराळ्याकडचे. मी परकर नेसत होते तेव्हापासून तात्यांबरोबर काम केलेले. “आमी त्याच दिशी भिंत तपासतो. दोनी बाजूंना सावली न्हाई पडली, तर भिंत सरळ. वळंब्यापरीस खरं.”

मला परीक्षेची भीती नव्हती. माझ्याकडे रोजचे सात ‘नाही’ होते.

२

बावीस एप्रिलला चौथ्या खणात मी हात लांब केला आणि बोटांची सावली पडली नाही. मी वहीत ‘नाही’ लिहिलं, कापड काढायला हात घातला आणि थांबले.

कापडावर माझ्या उजव्या अंगाला एक करडी छटा होती. ओल यावी तशी. मी बाजूला झाले, ती हलली नाही. कापड काढलं, तर ती चुन्याच्या भिंतीवर होती. हातानं पुसली, तर हातावरून गेली. म्हणजे भिंतीवर जितकी दिसत होती तितकीच माझ्या मनगटावरही दिसली. म्हणजे डाग नव्हे, सावलीच.

मी नाथाजींना हाक मारली. त्यांनी भिंतीला तळवा लावला, मग गाल लावला.

“भिंत वली न्हाई,” ते म्हणाले. “वर कायतरी आडवं आलं आसंल. पाखराचं घरटं न्हाईतर पट्टी सुटली आसंल.”

ते छपरावर चढले. घरटं नव्हतं, सगळ्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. मी खालून सांगत गेले आणि ते एकेका काचेवर गोणपाट टाकत गेले. दालन पायरी पायरीनं काळवंडलं. ज्या काचेवर गोणपाट टाकल्यावर सावली जाईल तिथं दोष, असा माझा हिशेब होता. शेवटच्या काचेवर गोणपाट पडलं तेव्हा मला माझे हात जेमतेम दिसत होते. सावली दालनापेक्षा एक पायरी काळीच होती.

“गेली का वो?” वरून नाथाजींनी विचारलं.

“उतरा खाली,” मी म्हटलं.

त्या दिवशी मी तिची मापं घेतली. मला दुसरं काही येतही नाही. पायापासून डोक्यापर्यंत बरोबर सहा फूट. डोकं, खांदे आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेली कोपरं, जशी हात पाठीमागे बांधलेल्या माणसाची येतात. खालची कड जमिनीला टेकलेली. मी पेन्सिलीनं तिच्याभोवती बारीक रेघ मारली आणि दोन तास बसून राहिले. उन्हाची सावली दोन तासांत हातभर सरकते. ही रेघेच्या आत होती.

३

दालनाचा आवाज मला पाठ होता. रिकाम्या, उंच खोलीत पावलाला उत्तर येतं. तिथं पाऊल टाकलं की पलीकडच्या भिंतीवरून ते एकदा परत येई, थोडं ओलसर होऊन. तेवीस तारखेला मी आत शिरले आणि चौथ्या खणापर्यंत चालत गेले. नऊ पावलं, नऊ उत्तरं. मी थांबले. मग दहावं आलं.

मी स्वतःला समजावलं की मोजण्यात चूक झाली. मोजण्यात माझी चूक होत नाही, पण त्या वेळी ते सोयीचं होतं.

छपराची तुळई चौथ्या खणावर नेमकी कुठे येते ते बघायला मी साइटवरचा नकाशा उघडला. हा दालनाचा लांब छेद, म्हणजे इमारत मधून कापली तर आतली भिंत समोरून कशी दिसेल त्याचं चित्र. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, सात खण, वर करवतीचे दात. आणि चौथ्या खणासमोर, हात पाठीमागे बांधून, आपल्याकडे पाठ करून उभा असलेला माणूस.

बघ्या.

मला घाम फुटला तो तिथं. सावली बघून फुटला नव्हता.

तात्या प्रत्येक छेदात शेवटी एक माणूस काढत. मापासाठी. इमारत किती उंच आहे हे आकड्यांवरून सभासदांना कळत नाही, शेजारी सहा फुटी माणूस काढला की कळतं. तात्यांचा माणूस नेहमी तोच. पाठमोरा, हात मागे, काहीतरी बघत असलेला. घरात आम्ही त्याला बघ्या म्हणायचो. पण ही चाल फक्त पेन्सिलीच्या मूळ कागदावर. साइटवर जाणारा नकाशा गिरवायचा तेव्हा बघ्याला वगळायचं, हा तात्यांच्या टेबलाचा नियम होता. “बघ्याला साइटवर पाठवायचं नाही, शरू.” लहानपणी मी कारण विचारलं होतं. ते म्हणाले, “गवंडी कागदावर आहे ते सगळं बांधतात.” मी हसले होते. ते हसले होते का, हे मला आठवत नाही.

हा शेवटचा छेद तात्या गेले तेव्हा अर्धवट होता. त्यात बघ्या नव्हताच. बाकीचं मी पुरं केलं, ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं गिरवलं, आणि झाल्यावर तो नकाशा मला तात्यांचा वाटेना. तेरावा होऊन आठवडा झाला होता. मी टाक बुडवला आणि आठवणीतून बघ्या काढला. कापडाच्या तुकड्यावर चार अंगुळांचा माणूस. त्याला वगळायचं माझ्या ध्यानात होतं. मी वगळला नाही.

मग नेहमीसारख्या दोन प्रती काढल्या, एक साइटसाठी आणि एक कमिटीसाठी. मसाला लावलेल्या कागदावर ते कापड ठेवलं, वर काच ठेवली आणि अंगणात उन्हात धरलं. जिथं शाई तिथं ऊन पोचत नाही, तिथं रेघ पांढरी राहते, बाकीचा कागद धुतला की निळा होतो. इतकी वर्षं मी याला प्रत काढणं म्हणत आले. आता निळ्या कागदावरच्या त्या पांढऱ्या माणसाकडे बघताना लक्षात आलं, की प्रत म्हणजे शाईची कागदावर पडलेली सावलीच.

४

माझी बुद्धी ताळ्यावर होती आणि तिचं म्हणणं होतं, की हा योगायोग आहे. ठीक, मी तिला म्हटलं, मग खोडून बघायला काय हरकत आहे? हातच्या कांकणाला आरसा कशाला.

घरी येऊन ट्रंक उघडली. ट्रेसिंगच्या कापडावरची शाई पात्यानं खरवडून काढता येते, फक्त हात हलका हवा. आई दारात उभी राहून बघत होती.

“त्यांच्या नकाशाला पातं लावतेस?” ती म्हणाली.

“त्यांच्या नव्हे. हा मी काढलेला आहे.”

बघ्या पायाकडून वर असा खरवडला. डोकं शेवटी. त्या जागी कापड पांढरट आणि खरखरीत झालं. मला रडू आलं. तात्या गेल्यावर एवढी एकच गोष्ट मी त्यांच्यासारखी केली होती आणि तीच खोडत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावली भिंतीवर होती. पण माझ्या पेन्सिलीच्या रेघेत बसत नव्हती. डावं कोपर रेघेच्या आत आलं होतं, उजवं बाहेर गेलं होतं. खांदे अरुंद झाले होते. मी बराच वेळ ते नुसतं मोजत राहिले. मग समजलं. तो वळत होता.

५

साइटवरची प्रत नाथाजींच्या खोपटात, चुन्याच्या पोत्यांमागे पत्र्याच्या नळीत असे. मी ती मागितली तेव्हा ते चहाला आधण ठेवत होते.

“कशाला पायजे?”

मी सांगितलं. सगळं. वेड्यात काढतील म्हणून जे कमिटीला सांगता येत नव्हतं ते त्यांना सांगून टाकलं. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि आधण तसंच राहू दिलं.

“आवं ताई, म्या कालच बगितलं त्येला,” ते म्हणाले. “तुमी गेल्यावर. म्या म्हनलं, ताईस्नी ठावं न्हाई तवर कशाला बोला.”

“मग आता काय करायचं?”

“काय बी करू नगा. ऱ्हाऊ द्या. त्यो भितीकडं बगतूया, तवर बरं हाय.”

“अकरा तारखेला कमिटी येणार आहे, नाथाजी. तो भिंतीकडे बघत राहिला तर तात्यांचं नाव जातं. खिडक्या पाडतील. दालनाचा भोकं पाडलेला गोठा होईल.”

“नाव जाईल. व्हय. म्या बी त्येंच्या नावासाठी धा कोस चालंन.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “पर तात्यांनी त्येला भितीकडं त्वांड करून का काडलं, हे तुमी इचारलं व्हतं का कवा?”

मी विचारलं नव्हतं. उत्तर माझ्याजवळ होतं, की बघ्या चित्रं बघतो. पण तात्यांनी तो पुलांच्या नकाशातही तसाच काढला होता, दगडी खांबाकडे तोंड करून. पुलाखाली बघायला काय असतं?

मी निळी प्रत पसरली आणि कात्रीनं तेवढा चौकोन कापून काढला. नाथाजींनी लाकूड पुन्हा आत सरकवलं. कागद जळताना बघ्या निळ्यातून तपकिरी झाला, मग गेला.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर त्याचं नाक होतं. सरळ, लांब, दाराच्या दिशेनं. मी काढलेल्या माणसाला नाक नव्हतं. पाठमोऱ्याला कशाला लागतं?

६

दुसरी आणि शेवटची प्रत, कमिटीची, सांगलीला होती. कमिटीचे चिटणीस आप्पासो विश्रामबागेत राहत. त्यांनी हौसेनं ती चौकटीत घालून घेतली होती. मी सहा मेला पहाटेच्या मोटारीनं कराडवरून सांगलीला गेले. उसाच्या शेतांतून मोटार चालली होती आणि वाटेत मला नाथाजींचं बोलणं शंभरदा आठवलं. एक प्रत गेली की तो एक अंश वळतो. शेवटची गेली की एक तर तो जाईल, नाहीतर पूर्ण वळेल. मधली वाट नव्हती. मी परत फिरले तर नाव जाणार हे नक्की होतं. पुढे गेले तर निदान वाचण्याची शक्यता होती.

आप्पासो गावाकडची ऊसशेती असलेले मोठे गृहस्थ, बोलायला मोकळे. जेवणाच्या खोलीत चौकट भिंतीला होती, पण उलटी. पाठीचा पुठ्ठा आमच्याकडे.

“हे मंडळींचं काम,” आप्पासो हसून म्हणाले. “ऐकत न्हाईत.”

त्यांच्या पत्नी रंगुबाई पाटावर बसून भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“म्याच उलटा केलाय त्येला. जेवताना मागं कोन उबं ऱ्हायल्यागत वाटतंय. ह्येस्नी वाटत न्हाई, ह्यांची पाट हाय तिकडं. माजं त्वांड हाय.”

“कागदावर तो पाठमोराच आहे ना?” मी विचारलं. माझा आवाज बरा निघाला.

“कागदावर पाटमोराच हाय,” रंगुबाई म्हणाल्या. “आता तुमीच सांगा, पाटमोऱ्या मानसाचं भ्या कशापायी वाटावं?”

मी आप्पासोंना सांगितलं, की या छेदात एक चूक राहिली आहे आणि कमिटीच्या हाती चुकीचा नकाशा असणं बरं नव्हे, सुधारलेली प्रत आठवड्यात पाठवते. हे खरंच होतं. त्यांनी चौकट उतरवून दिली. मी मागचे खिळे काढले, कागद सोडवला आणि चौकोन कापला.

“तेवढाच?” आप्पासो म्हणाले. “आन त्यो मानूसच? मला नकाशात कळायचा तेवडाच तर एक कळत हुता.”

चूल पेटलेली होती. माझा हात चुलीवर थांबला. मी खोटं सांगणार नाही, त्या क्षणी मला परत फिरावंसं वाटलं. मग डोळ्यांपुढे तात्यांची बोटं आली, तीस वर्षं साहेबाच्या सहीसाठी कोपऱ्यात जागा मोकळी सोडणारी. मी कागद टाकला.

रंगुबाईंनी त्या जाळावर भाजत असलेली भाकरी काढून कुत्र्याला टाकली.

७

सात, आठ, नऊ, दहा. चार दिवस भिंत पांढरी होती. मी कापड लावलं, हात लांब केला, बोटं पसरली, सात ‘नाही’ लिहिले. पावलाला एकच उत्तर येत होतं. माझी पेन्सिलीची रेघ चुन्यावर रिकामी उभी होती, ती मी कणकेच्या गोळीनं पुसून टाकली. मला आनंद झाला होता, हे मी कबूल करते. नाथाजी मात्र दालनात येईनात. छपरावर, ओट्यावर, कुंपणापाशी, जिथं काम नव्हतं तिथं ते काम काढत होते.

अकरा तारखेला कमिटीचे नऊ जण आले. आप्पासो, अध्यक्ष, बाकीचे, आणि उंटावरचा शहाणा टोपी घालून. साडेबारा वाजले. घड्याळाचे साडेबारा म्हणजे साताऱ्याची खरी मध्यान्ह. सगळे भिंतीपुढे रांगेनं उभे राहिले आणि भिंतीवर काहीही पडलं नाही. अध्यक्षांनी काठी उंच धरली. इंजिनियरनं टोपी काढून भिंतीपासून वीतभर अंतरावर धरली, मग दुसऱ्या खणात धरली, मग चौथ्यात. काही नाही. एवढी माणसं असून भिंतीला त्यांचा पत्ता नव्हता.

“वा,” अध्यक्ष म्हणाले. एवढंच म्हणाले, पण टोपी न घालता इंजिनियर दाराकडे चालू लागला.

अंगणात दगड तयार होता. पाथरवटानं दोन्ही नावं पेन्सिलीनं आखून ठेवली होती. अध्यक्षांनी खडूनं एकावर काट मारली आणि तात्यांच्या नावाखाली रेघ ओढली. लगेच छिन्नी लागली. मी ते बघायला बाहेर आले. दोन्ही हातांत नकाशांची गुंडाळी छातीशी धरली होती, कारण तात्यांच्या नावासमोर ती असावी असं मला वाटलं.

ऊन डोक्यावर उभं होतं. माणसं भोवती जमली होती आणि सगळ्यांच्या सावल्या चपलांखाली आवळून बसल्या होत्या, अध्यक्षांची, आप्पासोंची, पाथरवटाची. भिंतीला कुठल्याच बाजूला सावली नव्हती. भिंत सरळ होती.

माझ्या पायांपासून एक सावली निघून फरशीवर आडवी पडली होती. सहा फूट. ते मोजायची मला गरज नव्हती. मी दोन्ही हातांनी गुंडाळी छातीशी धरलेली होती आणि सावलीची कोपरं दोन्ही बाजूंना बाहेर आलेली होती, हात पाठीमागे बांधल्यावर येतात तशी. मी गुंडाळी खाली केली. कोपरं हलली नाहीत. बघ्याचं तोंड आता कुणीकडे होतं, फरशीकडे की माझ्याकडे, हे सांगता येत नव्हतं. सावलीला पाठपोट नसतं.

सगळे दगडाकडे बघत होते. नाथाजी तेवढे माझ्या पायांपाशी बघत होते. ते हळूच आले, फरशीवरचा तो भाग वळसा घालून आले आणि माझ्या बाजूला उभे राहिले.

“ताई,” ते म्हणाले, “आत चला. आत कुनाचीच सावली पडत न्हाई. तात्यांनी तशीच जागा करून ठिवलीया.”

पाथरवटाचं पहिलं अक्षर पुरं झालं होतं. मी ते बघितलं. मग आत गेले, दार लावून घेतलं आणि चौथ्या खणासमोर बसून राहिले. चार वाजता, सगळ्यांच्याच सावल्या सहा फुटांच्या झाल्यावर, बाहेर आले. त्या साली कमिटीनं मला संग्रहालयाची देखरेख दिली. बाहेर पडायची वेळ मी अजून तीच ठेवली आहे.